चार फुटी फळीवरचे शंटिंग यार्ड: मॉडेल रेल्वेत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

मॉडेल रेल्वेचा छंद घ्यावा असे अनेकांना वाटते, पण घरात जागा नाही या एका कारणाने तो विचार बाजूला पडतो. गोल फिरणाऱ्या रुळांसाठी किमान साडेतीन-चार फूट रुंदीची फळी लागते आणि दोन खोल्यांच्या घरात ती कायमची मांडून ठेवणे अवघड असते, हे खरे आहे. मात्र गाडी गोल फिरलीच पाहिजे असा काही नियम नाही. खऱ्या रेल्वेत मालगाडी धावू लागण्याआधी यार्डात वाघिणींची जुळवाजुळव होते, म्हणजे शंटिंग होते, आणि तेवढेच काम घरात हुबेहूब करता येईल अशी मांडणी चार फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवर बसते. ती पुस्तकांच्या कपाटावर किंवा जेवणाच्या टेबलावर ठेवता येते आणि काम झाले की उभी करून भिंतीला लावता येते.

अशा मांडण्यांपैकी नवशिक्यांसाठी सर्वांत योग्य मांडणी ब्रिटनमधील ॲलन राइट यांची आहे. ती 'इंगलनुक साइडिंग्ज' या नावाने ओळखली जाते आणि तिचा आराखडा नॉर्थंबरलंडमधल्या किलहॅम या छोट्या स्थानकाच्या साइडिंगवरून, म्हणजे वाघिणी उभ्या करण्याच्या बाजूच्या रुळांवरून, घेतलेला आहे. अमेरिकेतील जॉन ॲलन यांची 'टाइमसेव्हर' ही मांडणीही प्रसिद्ध आहे, परंतु तिच्यात सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे भाग, जास्त, जोडणी किचकट आणि कोडे अधिक अवघड असते, म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी ती निवडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. इंगलनुकमध्ये फक्त दोन सांधे, तीन साइडिंग आणि एक शंटिंग नेक, म्हणजे इंजिनाने वाघिणी बाहेर ओढून घेण्याचा रूळ, असते. एक साइडिंग पाच वाघिणींची, उरलेल्या दोन तीन-तीन वाघिणींच्या, आणि शंटिंग नेकमध्ये इंजिन अधिक तीन वाघिणी मावतात. एकूण आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून निघालेल्या पाच वाघिणी, निघालेल्याच क्रमाने, लांब साइडिंगमध्ये जुळवून दाखवायच्या, एवढाच खेळ आहे. आठांतून पाच वाघिणी क्रमाने लावण्याचे ६,७२० प्रकार होतात, त्यामुळे तोच डाव पुन्हा समोर येण्याची शक्यता फार थोडी असते.

माप आणि गेज ठरवणे

बाजारात मिळणाऱ्या तयार सामानात तीन मापे नवशिक्यांच्या उपयोगाची आहेत. एचओ म्हणजे १:८७, ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६, आणि एन म्हणजे १:१६० (ब्रिटिश एन १:१४८). एचओ आणि ओओ ही दोन्ही मापे १६.५ मिमी रुंदीच्या एकाच रुळावर धावतात, एनचे रूळ ९ मिमी रुंदीचे असतात. जागा कमी म्हणून एन घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण शंटिंगसाठी मी ते सुचवणार नाही. शंटिंगमध्ये इंजिन अतिशय मंद गतीने चालवावे लागते, आणि एन मापाची छोटी इंजिने वजनाला हलकी असल्यामुळे रुळावरच्या थोड्याशा धुळीनेही त्यांचा वीजपुरवठा तुटतो. एचओ किंवा ओओमधील चारचाकी वाघिणी आणि तीन आसांचे शंटिंग इंजिन हीच जोडी या कामाला उत्तम आहे.

भारतीय रेल्वेचे मॉडेल करू इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपली ब्रॉड गेज १,६७६ मिमी आहे, म्हणजे १:८७ मापात ती १९ मिमीपेक्षा थोडी जास्त होते, तर एचओचा १६.५ मिमी रूळ हा १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचा आहे. हा फरक मान्य करून तयार रुळावरच भारतीय रंगातील गाड्या चालवणे हा व्यवहारी मार्ग आहे, कारण १९ मिमीचे रूळ आणि सांधे हाताने बनवण्याचे कौशल्य पहिल्याच मांडणीत अपेक्षित धरता येत नाही. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेले डब्ल्यूडीएस-४ हे तीन आसांचे शंटिंग इंजिन अशा यार्डाला विषय म्हणून फार शोभून दिसते. मात्र बीसीएन किंवा बॉक्सएन या बोगीच्या लांब वाघिणी घेतल्या, तर फळीची लांबी बरीच वाढवावी लागेल. चार फुटांतच राहायचे असेल, तर जुन्या काळातील चारचाकी वाघिणींचे यार्ड करावे. १९१५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेने गोदी, गोदामे आणि कापसाचे डेपो जोडले होते. अशा ठिकाणची गोदामामागची एखादी साइडिंग हा एक फुटाच्या रुंदीत सहज मावणारा विषय आहे.

खरेदीपूर्वी चालती मॉडेले प्रत्यक्ष पाहायची असतील, तर पुण्याच्या कोथरूडमध्ये जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथली मांडणी या लेखातील मांडणीच्या अनेक पट मोठी आहे, पण रूळ, सिग्नल आणि गाड्या प्रत्यक्षात कशा दिसतात आणि किती जागा घेतात याची कल्पना तिथे नीट येते.

आधी वाघिणी, मग आराखडा

नवशिक्यांच्या हातून आराखडा बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. फळी घेतली जाते, रूळ घेतले जातात आणि मग त्यात वाघिणी मावतात का ते पाहिले जाते. याच्या उलट करावे. आधी इंजिन आणि वाघिणी हातात घ्याव्यात, पाच वाघिणी एकमेकींना जोडून, कपलिंग (वाघिणी जोडणारे आकडे) ताणून, पट्टीने त्यांची लांबी मोजावी आणि सगळा आराखडा त्या लांबीवरून काढावा. सर्व वाघिणी एकाच लांबीच्या असणे आवश्यक आहे, कारण एखादी जरी लांब निघाली तरी तीन वाघिणींच्या साइडिंगमध्ये कधी तीन मावतील आणि कधी मावणार नाहीत.

समजा कपलिंगसह प्रत्येक वाघीण साडेआठ सेंमी आणि इंजिन साडेबारा सेंमी भरले. मग पाच वाघिणींची लांबी ४२.५ सेंमी, तीन वाघिणींची २५.५ सेंमी आणि शंटिंग नेकची ३८ सेंमी होते. पेको या ब्रिटिश कंपनीचा लहान त्रिज्येचा सांधा साधारण साडेअठरा सेंमी लांब असतो. सांधा संपला की लगेच वाघीण उभी करता येत नाही, कारण शेजारच्या रुळावरून जाणारी वाघीण तिला घासते. दोन रुळांच्या मध्यरेषांत सुमारे साडेचार सेंमी अंतर पडेपर्यंतची जागा मोकळी सोडावी लागते आणि ती अकरा सेंमीच्या आसपास येते. खऱ्या यार्डात या मर्यादेला फाउलिंग मार्क म्हणतात, आणि आपल्याही यार्डात तिथे रुळांमध्ये पांढऱ्या रंगाचा छोटा दगड लावावा.

लांब साइडिंग पहिल्याच सांध्यावरून फोडायची, म्हणजे तिची बेरीज ३८ अधिक १८.५ अधिक ११ अधिक ४२.५, अशी ११० सेंमी होते. आखूड साइडिंग दुसऱ्या सांध्यानंतर येतात आणि त्यांची बेरीज ३८ अधिक ३७ अधिक ११ अधिक २५.५, म्हणजे १११.५ सेंमी होते. चार फूट म्हणजे १२२ सेंमी, त्यामुळे दोन्ही टोकांच्या बफर स्टॉपसाठी, म्हणजे रुळाच्या शेवटी गाडी अडवणाऱ्या अडसरांसाठी, थोडी जागा उरते. पहिला सांधा डावा घ्यावा आणि त्याच्या वळणाऱ्या बाजूला लांब साइडिंग न्यावी. सरळ बाजूला दुसरा, उजवा सांधा जोडावा, म्हणजे मधली साइडिंग सरळ जाईल आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक साइडिंग येईल. उरलेल्या लांबीच्या मोहाने शंटिंग नेक वाढवू नये. तिथे चौथी वाघीण मावली की कोडे एकदम सोपे होते आणि खेळातली मजा जाते.

इतकीही जागा नसेल, तर तीन-दोन-दोन वाघिणींची आवृत्ती करावी. तिच्यात पाच वाघिणींतून तीन जुळवायच्या असतात आणि शंटिंग नेकमध्ये इंजिन अधिक दोन वाघिणी मावतात. क्रम फक्त ६० होतात, पण मुलांना शिकवण्यासाठी ती फार चांगली आहे.

आराखडा कागदावर पूर्ण मापात काढावा. पेको आपल्या सांध्यांचे छापील नकाशे विनामूल्य उपलब्ध करून देते. ते शंभर टक्के मापात छापून, कापून, वर्तमानपत्रावर चिकटवावेत आणि त्यावर प्रत्यक्ष वाघिणी ठेवून पाहाव्यात.

फळी

बारा मिमी प्लायवूडची एक फूट बाय चार फुटांची पट्टी घ्यावी. पूर्ण प्लाय आठ बाय चार फुटांचा असतो आणि दुकानदार सहसा तो कापून देत नाही, पण ओळखीच्या सुताराकडे एवढा तुकडा शिल्लक असतोच. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत साधा प्लाय किंवा एमडीएफ पावसाळ्यात फुगतो आणि वाकतो, म्हणून तिथे मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला, घेणे योग्य ठरते. खालच्या बाजूला चारही कडांना आणि मध्ये एक आडवी अशी दीड-दोन इंच उंचीची लाकडी पट्टी स्क्रू आणि फेविकॉल लावून बसवावी. फळी त्यामुळे वाकत नाही आणि तारांना खाली जागा मिळते. कापलेल्या कडांसह सर्व बाजूंना प्रायमरचा हात द्यावा, कारण ओल कडांतूनच आत शिरते.

यार्डातील रूळ जमिनीच्या पातळीला असतात, त्यामुळे मुख्य मार्गासारखा उंच खडीचा भराव करण्याची गरज नसते. आवाज कमी व्हावा म्हणून संपूर्ण फळीवर तीन मिमी जाडीचे कॉर्क चिकटवले तरी पुरे.

रूळ आणि वीज

सगळ्या मांडणीचे यश इंजिन किती हळू आणि न अडखळता चालते यावर ठरते, म्हणून या टप्प्याला जितका वेळ लागेल तितका द्यावा.

तयार सांध्यांत फ्रॉग, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, प्लास्टिकचा किंवा धातूचा असतो. प्लास्टिकच्या फ्रॉगवरून जाताना आखूड इंजिनाच्या चाकांना क्षणभर वीज मिळत नाही आणि ते नेमके तिथेच थांबते. शंटिंग यार्डासाठी धातूचा, वीजवाहक फ्रॉग असलेला सांधा घ्यावा. सांध्याची जीभ, म्हणजे सरकणारा निमुळता रूळ, ज्या बाजूच्या रुळाला टेकलेली असेल, त्या रुळाची वीज फ्रॉगला मिळाली पाहिजे, नाहीतर शॉर्टसर्किट होते. म्हणून फ्रॉगपासून पुढे जाणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना धातूच्या जोडपट्टीऐवजी प्लास्टिकची विद्युतरोधक जोडपट्टी लावावी, वीजपुरवठा सांध्याच्या जिभांच्या टोकाकडून द्यावा, आणि प्लास्टिकच्या जोडपट्टीपलीकडच्या प्रत्येक साइडिंगला स्वतंत्र तारा द्याव्यात.

सांधा बदलणे आणि फ्रॉगची वीज बदलणे ही दोन्ही कामे एकाच साध्या स्लाइड स्विचने होतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील बुधवार पेठ इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो अगदी थोड्या पैशांत मिळतो. स्विच फळीच्या कडेला बसवावा, त्याच्या दांडीला बारीक भोक पाडून पोलादी तार अडकवावी आणि तिचे दुसरे टोक सांध्याच्या जिभा जोडणाऱ्या पट्टीला लावावे. स्विचच्या मधल्या टोकाला फ्रॉगची तार आणि बाजूच्या दोन टोकांना दोन रुळांच्या तारा जोडाव्यात. स्विचची सरक सांध्यापेक्षा जास्त असते, पण तारेला मध्ये इंग्रजी यू अक्षरासारखा वळसा दिला की तो जास्तीचा ताण झेलतो. पेकोच्या सांध्यात जिभा धरून ठेवणारी छोटी स्प्रिंग असते. ती स्विचशी झगडत असेल, तर काढून टाकावी.

तारा रुळाच्या बाहेरच्या बाजूला किंवा, रूळ बसवण्याआधीच, खालून सोल्डर कराव्यात. पंचवीस ते चाळीस वॅटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर आणि रोझिनचा फ्लक्स पुरेसा आहे. ॲसिडचा फ्लक्स वापरू नये, त्याने पुढे तांबे खाल्ले जाते. रूळ आधी चमकेपर्यंत घासावा, तारेच्या टोकाला आधी सोल्डर चढवून घ्यावे आणि मग दोन-तीन सेकंदांत काम संपवावे. जास्त वेळ उष्णता दिली, तर प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले म्हणजे ती भीती राहत नाही. एका रुळासाठी लाल आणि दुसऱ्यासाठी काळी तार हा नियम सर्वत्र पाळावा.

इंजिन एकच असल्यामुळे महागड्या डिजिटल यंत्रणेची गरज नाही. बारा व्होल्ट डीसीचा, गती मंद ठेवता येणारा चांगला नियंत्रक घ्यावा, आणि इंजिनाची मोटर कोअरलेस, म्हणजे लोखंडी गाभा नसलेली, असेल, तर तो त्या मोटरला चालतो का हे आधी विचारून घ्यावे, कारण काही स्पंदन पद्धतीच्या नियंत्रकांनी अशा मोटरी तापतात. २३० व्होल्टच्या बाजूचे कोणतेही काम घरी करू नये. बंद पेटीचा तयार ॲडॉप्टरच वापरावा.

रूळ बसले की लगेच सजावटीकडे वळू नये. इंजिन सर्वांत मंद गतीवर ठेवून प्रत्येक साइडिंगच्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा न्यावे, मग वाघिणी पुढे ढकलत न्याव्यात. जिथे ते अडखळते किंवा वाघीण उडते, ती जागा आत्ताच दुरुस्त करावी. खडी चिकटवल्यावर तीच दुरुस्ती कैक पटींनी अवघड होते.

वाघिणी आणि कपलिंग

ढकलताना रुळावरून उतरणारी वाघीण बहुधा हलकी असते किंवा तिच्या चाकांमधील अंतर चुकलेले असते. एचओ आणि ओओच्या चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर सुमारे १४.४ ते १४.५ मिमी असावे. ते व्हर्नियर कॅलिपरने तपासता येते. वजनासाठी ब्रिटिश छांदिष्ट दर आसामागे २५ ग्रॅम असा ठोकताळा वापरतात, म्हणजे चारचाकी वाघीण ५० ग्रॅमची झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस यापेक्षा जड आहे. एचओ वाघिणीला एक औंस अधिक लांबीच्या दर इंचामागे अर्धा औंस, म्हणजे तीन इंची वाघिणीला सुमारे ७० ग्रॅम. कोणताही आकडा पाळावा, पण आठही वाघिणी सारख्या वजनाच्या कराव्यात. गाडीच्या टायरला लावायची चिकट बॅलन्सिंग वजने या कामाला फार सोयीची असतात, कारण ती वाघिणीच्या पोटात सहज चिकटतात.

ब्रिटिश गाड्यांना येणारे आकड्याचे कपलिंग सुरुवातीला चालते, पण प्रत्येक वेळी हातातल्या तारेने ते उचलावे लागते. काही दिवसांनी केडी या अमेरिकन कंपनीचे चुंबकीय कपलिंग बसवावे. नव्या गाड्यांना कपलिंगसाठी युरोपीय पद्धतीची खोबण असेल, तर १७ ते २० क्रमांकांची कपलिंग नुसती आत सरकवायची असतात. क्रमांक चढतो तशी लांबी वाढते. रुळांमधील चुंबकावर कपलिंग सैल सोडले की ते उघडते, मग इंजिन किंचित मागे घेऊन पुन्हा पुढे टेकवले की न जोडता वाघीण हवी तिथपर्यंत ढकलता येते. म्हणून चुंबक प्रत्येक साइडिंगच्या तोंडाशी, फाउलिंग मार्कच्या आत एकेक असले तरी पुरते. सर्व कपलिंग एकाच उंचीवर हवीत, त्यासाठी याच कंपनीचे उंचीमापक मिळते. वाघिणींचे आस लोखंडी असतील, तर चुंबक त्यांनाच ओढून घेतो आणि वाघीण आपोआप हलते. तसे दिसल्यास पितळी आसांची चाके घालावीत.

जमीन आणि इमारती

यार्डाची जमीन काळपट, तेलकट आणि सपाट असते. स्वच्छ खडीपेक्षा बारीक चाळलेली माती किंवा वाळू तिला जास्त शोभते. समुद्रकिनाऱ्याची वाळू वापरू नये. तिच्यात मीठ असते, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर इल्मेनाइटसारखी लोहयुक्त काळी खनिजे मोठ्या प्रमाणात सापडतात. असे कण इंजिनाच्या मोटरमधील चुंबकाला आणि कपलिंगच्या चुंबकांना चिकटून बसतात. कोणतीही वाळू धुऊन, वाळवून, तिच्यातून चुंबक फिरवल्याखेरीज फळीवर टाकू नये. ती कोरडीच पसरून मऊ ब्रशने स्लीपरांच्या पातळीला आणावी, वर भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब घातलेले पाणी फवारावे आणि अर्धे पाणी घातलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडावा. सांध्यांच्या जिभांजवळ मात्र गोंद अजिबात जाऊ देऊ नये. हे काम पावसाळ्यात काढले, तर गोंद लवकर वाळत नाही आणि बुरशी धरते, म्हणून दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस चांगले.

मागच्या कडेला गोदामाची भिंत आणि मालधक्का पुठ्ठ्यातून करावा. भिंतीची जाडी दोन-तीन सेंमी असली तरी पुरते. मालधक्क्याची कड वाघिणीला घासत नाही ना, हे सर्वांत रुंद वाघीण चालवून आधी पाहावे.

डाव खेळणे

छोट्या आवृत्तीवर एक डाव सोडवून पाहू. लांब साइडिंगमध्ये तोंडाकडून आत १, २, ३ या क्रमाने वाघिणी आहेत, दुसरीत ४ आणि ५ आहेत, तिसरी रिकामी आहे. जुळवायचा क्रम तोंडाकडून २, ५, ३ असा निघाला. आधी १ आणि २ बाहेर ओढून तिसऱ्या साइडिंगमध्ये ठेवाव्यात. मग दुसरीतून ४ आणि ५ एकत्र ओढाव्यात, लांब साइडिंगमध्ये ढकलून ५ ला ३ शी जोडून सोडावे, आणि ४ परत दुसरीत ठेवावी. शेवटी तिसरीतून १ आणि २ एकत्र आणाव्यात, २ ला ५ शी जोडून सोडावे आणि १ दूर न्यावी.

इंजिनापासून सर्वांत दूर असलेली वाघीणच आधी सोडता येते, त्यामुळे हवी असलेली वाघीण आपल्या समोरच्या एखाद्या वाघिणीसह ओढून आणायची आणि मागची सोडायची, ही या डावाची किल्ली आहे. मोठ्या आवृत्तीतही हेच तंत्र तीन वाघिणींपर्यंत वाढते. तिथे गाडीची जुळणी नेहमी बफरकडच्या वाघिणीपासून सुरू करावी, कारण तोंडाकडच्या वाघिणी आधी लावल्या तर त्या पुन्हा बाहेर काढाव्या लागतात.

डाव संपल्यावर रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसावेत आणि फळी कापडाने झाकावी. निकेल-सिल्व्हरचे रूळ गंजत नाहीत, पण काळे पडतात. ते सँडपेपरने घासू नयेत, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक साठतो. रुळांबरोबर इंजिनाची आणि वाघिणींची चाकेही त्याच कापडाने पुसावीत. चाके तशीच ठेवली, तर पुसलेला रूळ पहिल्या फेरीतच पुन्हा मळतो.